‘क्रिस्टल’ : एका शब्दाचे पैलू

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली आणि आपण हीरक महोत्सव साजरा करीत आहोत. वर्षांच्या टप्प्यांना धातूंची व रत्नांची नावे देण्याची ही रीत आपण पाश्चात्त्यांकडून घेतली. पंचविसाव्याला रौप्य, पन्नासाव्याला सुवर्ण, साठाव्याला हीरक एवढे टप्पे आपण उचलले आणि मधले बरेच सोडून दिले. त्या सोडलेल्यांत पंधराव्या वर्षाचा एक टप्पा आहे. विवाहाच्या पंधराव्या वाढदिवसाला इंग्रजीत ‘क्रिस्टल’चे नाव आहे आणि त्या दिवशी उंची काचेची भांडी भेट देण्याची पद्धत आहे. आता मौज अशी की, काच ही शास्त्राच्या दृष्टीने क्रिस्टल नव्हेच. साठाव्या वर्षाचा हिरा मात्र अस्सल क्रिस्टल आहे. या विसंगतीवरूनच मला आजचा विषय सुचला.

विषय निवडण्यामागे दुसरेही एक कारण आहे. पालकांच्या भेटीगाठींत एक प्रश्न हमखास निघतो : ‘‘मुलाला मराठी माध्यमात घातले खरे, पण पुढे इंग्रजी शब्दांच्या गर्दीत त्याचे कसे होणार?’’ प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अधिकच बोचतो. आपल्या मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी. या प्रश्नाला भाषाभिमानाची चार वाक्ये सांगून उत्तर देता येत नाही. म्हणून मी एकच इंग्रजी शब्द घेणार आहे, त्याच्या मागे शक्य तितके दूर जाणार आहे आणि मग आपल्या मुलांच्या प्रश्नाकडे वळणार आहे.

‘क्रिस्टल’ हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक भाषेत ‘क्रिस्टालोस’ म्हणजे बर्फ. डोंगरांतून सापडणारा पारदर्शक, गार लागणारा दगड पाहून प्राचीनांना वाटले की, हा फार जुना, इतका घट्ट गोठलेला बर्फ आहे की तो आता वितळूच शकत नाही. म्हणून त्यांनी दगडालाही बर्फाचेच नाव दिले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’त हेच मत नोंदवले आहे. त्याच ग्रंथात, भारतातून येणाऱ्या स्फटिकाला तोड नाही, अशीही नोंद आहे. ग्रीकातून लॅटिन, लॅटिनातून फ्रेंच असा प्रवास करीत हा शब्द इंग्रजीत उतरला आणि जुन्या इंग्रजीतही त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदले : स्वच्छ बर्फ आणि स्वच्छ दगड.

समज चुकीचा होता. त्या दगडाला आपण गारगोटीच्या कुळातला शुद्ध क्वार्ट्झ म्हणून ओळखतो. तो सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला आहे, त्यात पाणी नाही. परंतु पुढे विज्ञानाने दुसरे टोकही दाखवून दिले. स्फटिक म्हणजे बर्फ नव्हे हे खरे, पण बर्फ मात्र स्फटिक आहे. हिमाच्या कणाला सहा बाजू का, या प्रश्नावर योहान्स केप्लरने १६११ साली एक छोटे पुस्तकच लिहिले. प्राचीनांनी चुकून जोडलेले नाते अशा रीतीने उलट दिशेने खरे ठरले.

दगडाकडून हा शब्द काचेकडे गेला. पंधराव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी अत्यंत नितळ, रंगहीन काच तयार केली. ती खाणीतल्या स्फटिकासारखी दिसते म्हणून तिला त्यांनी ‘क्रिस्टालो’ म्हटले. पुढे १६७४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने नव्या तऱ्हेच्या काचेचे पेटंट घेतले आणि काचेत शिशाचे भस्म घालण्याची पद्धत त्याच्या हातून नावारूपाला आली. ही काच जड, चमकदार आणि पैलू पाडण्यास सोपी. तिचे पेले, झुंबरे आणि फुलदाण्या आजही ‘क्रिस्टल’ या नावानेच विकल्या जातात. युरोपात तर १९६९ साली कायद्याने ठरवून टाकले की, ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायचे असेल तर शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण निदान २४ टक्के असले पाहिजे.

पण खाणीतला स्फटिक आणि ही काच यांच्या आतील रचनेत मूलभूत फरक आहे. स्फटिकात अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे ठरावीक अंतराने, रांगेत असतात. काचेत ते मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे विखुरलेले असतात. दिसायला दोन्ही नितळ, म्हणून नाव एक. आणि इंग्रजीला हसण्याआधी आपल्या दप्तरात डोकावलेले बरे. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो. तिच्यात शिसे नसते, असते ते ग्राफाइट. ते प्रथम सापडले तेव्हा लोकांना शिशाचाच प्रकार वाटले, आणि चुकीचे नाव कायमचे चिकटले. म्हणजे क्रिस्टलच्या पेल्यात शिसे असते पण स्फटिक नसतो. शिसपेन्सिलीत शिसे नसते पण ग्राफाइटचे स्फटिक असतात. ज्याचा आपण महोत्सव करीत आहोत तो हिरा याच ग्राफाइटचा सख्खा भाऊ. दोघेही शुद्ध कार्बन. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा.

काचेला हे नाव किती चिकटले होते याची एक साक्ष लंडनमध्ये मिळते. १८५१ साली हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्यानुसार लोखंड आणि काच यांची एक प्रचंड वास्तू उभारण्यात आली. तिला सुमारे ३ लाख तावदाने होती. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने तिला ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. या काचमहालात, दोनच वर्षांपूर्वी लाहोरहून ब्रिटिशांच्या हाती गेलेला कोहिनूर ठेवला होता. क्रिस्टल नावाच्या त्या घरात अस्सल क्रिस्टल तो होता. पण लोकांना तो निस्तेज वाटला, त्यांची निराशा झाली. पुढल्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि १८६ कॅरटचा हिरा सुमारे १०५ कॅरटवर आला. काचमहाल नंतर लंडनच्या दक्षिणेस हलवला गेला आणि ३० नोव्हेंबर १९३६ रोजी आगीत भस्मसात झाला. त्या भागाला आणि तिथल्या फुटबॉल संघाला ‘क्रिस्टल पॅलेस’ हे नाव मात्र आजही आहे. वास्तू गेली, काच गेली. उरला तो शब्द.

आता विज्ञानाच्या दालनात येऊ. १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने दाखवून दिले की, क्वार्ट्झचा तुकडा लहान असो वा मोठा, सुबक असो वा वेडावाकडा, त्याच्या सारख्या पृष्ठांमधील कोन नेहमी तेवढाच भरतो. बाहेरच्या या शिस्तीमागे आतली काहीतरी शिस्त असली पाहिजे, हा तर्क त्यातून निघाला. तो सिद्ध होण्यास १९१२ साल उजाडावे लागले. माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या पहिल्या प्रयोगातला स्फटिक होता मोरचुदाचा! आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याचे निळे खडे परीक्षानळीत तापवून आपण पांढरे केले आणि पाण्याचा थेंब टाकून पुन्हा निळे केले, तोच हा पदार्थ. त्या प्रयोगाच्या वेळी शिकलेला ‘स्फटिकजल’ हा शब्द आठवून पाहा. स्फटिकात बांधलेले जल. शब्द स्वतःच आपली व्याख्या सांगतो.

तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या दृष्टीने क्रिस्टल या शब्दाचा अर्थ ‘नितळ’ असा राहिला नाही. ‘आतून सुव्यवस्थित’ असा झाला. म्हणून लोखंडाचा अपारदर्शक तुकडा स्फटिकमय ठरला आणि झुंबराची लखलखती काच वगळली गेली. हा अर्थही अढळ नाही. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना अशी एक रचना दिसली की, जी सुव्यवस्थित होती पण तिची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नव्हती. आरंभी त्यांची हेटाळणी झाली. १९९२ साली आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने क्रिस्टलची व्याख्याच बदलली, आणि २०११ साली शेख्टमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शब्दांचे अर्थ केवळ बाजारात बदलतात असे नाही, ते प्रयोगशाळेतही बदलतात.

व्यवहारात तर हे सगळे अर्थ एकाच वस्तूत गर्दी करतात. आपल्या मनगटावरचे घड्याळ घ्या. त्याच्या तबकडीवरील काचेला इंग्रजीत क्रिस्टल म्हणतात. बहुधा ती साधी काचच असते. आणि आत क्वार्ट्झचा एक इवलासा खरा क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि वेळ मोजतो. अशी मनगटी घड्याळे १९६९ साली प्रथम जपानमध्ये विक्रीस आली. एका घड्याळात दोन क्रिस्टल. पैकी वरचा नावाचा आणि आतला कामाचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी विजेशिवाय चालणारा एक रेडिओ होता, त्यालाही ‘क्रिस्टल सेट’ म्हणत. त्यात शिशाच्याच गॅलिना नावाच्या खनिजाचा खडा लहरी टिपण्याचे काम करी. अशा खड्याचा उपयोग करणाऱ्या उपकरणासाठी जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला होता आणि १९०४ साली त्यांना पेटंट मिळाले. आज अनेक घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यात ‘लिक्विड क्रिस्टल’ म्हणजे द्रवस्फटिक असतो. द्रवासारखा वाहणारा आणि तरीही काही शिस्त राखणारा असा पदार्थ १८८८ साली फ्रीडरिश रायनित्सर यांना आढळला. आणि चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक असू शकतात हे १९७७ साली बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

पालकहो, शब्दाच्या उजळ बाजूबरोबर काळी बाजूही सांगितली पाहिजे. ९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझी जर्मनीत ज्यूंची हजारो दुकाने फोडली गेली, त्यांची शेकडो प्रार्थनास्थळे जाळली गेली, आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेण्यात आले. रस्त्यांवर पसरलेल्या फुटक्या काचांवरून त्या रात्रीला ‘क्रिस्टालनाख्ट’ म्हणजे ‘स्फटिकांची रात्र’ असे नाव पडले. एवढे सुंदर नाव एवढ्या क्रूर कृत्याला! म्हणूनच जर्मनीत आता पुष्कळ लोक तो शब्द टाळतात आणि सरळ ‘नोव्हेंबरमधील पोग्रोम’, म्हणजे ज्यूंविरुद्धचा संघटित हिंसाचार, असे म्हणतात. दुसरे उदाहरण आपल्या उंबऱ्याजवळचे आहे. मेथॅम्फेटामीन या घातक अमली पदार्थाला तरुणांच्या बोलीत ‘क्रिस्टल’ म्हणतात, आणि ‘आइस’ म्हणजे बर्फही म्हणतात. दोन हजार वर्षे फिरून शब्द पुन्हा बर्फापाशी आला, पण फार वाईट वस्तीत. आपल्या मुलाच्या तोंडी हा शब्द आला तर तो भेटवस्तूंच्या दुकानातला आहे, रसायनशास्त्राच्या पुस्तकातला आहे की आणखी कुठला, हे ओळखता येणे ही निव्वळ भाषेची बाब राहत नाही.

आता आपल्या भाषेकडे पाहू. कोशात ‘क्रिस्टल’समोर ‘स्फटिक’ असे लिहिलेले असते, आणि ते एका अर्थापुरते अचूक आहे. पण दुकानातल्या क्रिस्टलला आपण काच म्हणतो, साखरेच्या क्रिस्टलला खडीसाखर म्हणतो आणि जुन्या उत्तम आरशाला बिलोरी आरसा म्हणतो. या ‘बिलोरी’ची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. संस्कृतातील ‘वैडूर्य’, प्राकृतातील ‘वेलुरिय’ हा रत्नवाचक शब्द ग्रीकांकडे ‘बेरिलोस’ होऊन गेला, असे अभ्यासक मानतात. त्यातूनच जर्मन भाषेत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणू लागले आणि अरबी-फारसीत स्फटिकाला ‘बिल्लौर’. तोच फारसीच्या वाटेने मराठीत ‘बिलोरी’ म्हणून परतला. माहेराहून निघालेला शब्द जग फिरून माहेरी आला आणि आपण त्याला परका समजलो.

मराठीतही एक शब्द क्रिस्टलइतकाच बहुरूपी आहे. तो म्हणजे ‘खडा’. मिठाचा खडा, तुरटीचा खडा, अंगठीतला खडा, भातातला खडा, मूतखडा. यांतील पुष्कळसे शास्त्राच्या दृष्टीने खरोखरच स्फटिक आहेत; लघवीच्या तपासणीच्या अहवालात ‘क्रिस्टल्स’ असे लिहिलेले आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. हिंगाचा खडा मात्र स्फटिक नव्हे. शिवाय अंदाज घ्यायचा तर आपण खडा टाकून पाहतो आणि एखाद्याला खडानखडा माहिती असते. खुद्द ‘साखर’ हा शब्द ‘शर्करा’वरून आला आणि शर्करेचा मूळ अर्थ बारीक खडे, रेव. तोच शब्द फारसी-अरबीच्या मार्गे युरोपात जाऊन इंग्रजीत ‘शुगर’ झाला. तुरटीला आयुर्वेदात ‘स्फटिका’ म्हणतात; आपल्या गल्लीतला नाभिक जिला हिंदीत ‘फिटकरी’ म्हणतो ती हीच. म्हणजे ‘स्फटिक’ हा अवघड संस्कृत शब्द आपल्या मुलांनी दाढीच्या दुकानात कितीदा तरी ऐकलेला असतो. नाते तेवढे कोणी सांगितलेले नसते.

आपल्या तत्त्वज्ञानात स्फटिकाचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. शुभ्र स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. आत्मा आणि उपाधी यांचा संबंध सांगण्यासाठी शास्त्रकारांनी तो वापरला. मला तो शब्दांनाही लागू वाटतो. क्रिस्टल हा शब्द घड्याळाशेजारी ठेवा, पेल्याशेजारी ठेवा, रेडिओशेजारी ठेवा. तो त्या त्या शेजाऱ्याचा रंग घेतो. फरक एवढाच की, शब्दाला लागलेला रंग पुष्कळदा पुसला जात नाही, तो पुढच्या पिढीत शब्दाचा अर्थ होऊन बसतो.

आता मूळ प्रश्न. आपल्या मुलाचे इंग्रजीच्या गर्दीत कसे होणार?

पहिली गोष्ट अशी की, ‘क्रिस्टल’ची ही सगळी वळणे इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही जन्मतः ठाऊक नसतात. त्याच्या पुस्तकात शब्द तोच, दुकानात तोच, म्हणून आपल्याला अर्थ कळला असे त्याला सहज वाटू शकते. आपल्या मुलाला मात्र प्रत्येक वेळी ठरवावे लागते : इथे स्फटिक म्हणू, काच म्हणू, खडा म्हणू, की क्रिस्टलच ठेवू? ही अडचण आहे, पण या अडचणीतच विचार सुरू होतो. दोन भाषा शेजारी असल्या की शब्दांचे सांधे दिसतात.

दुसरी गोष्ट तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या सोयीची नाही. हा लाभ आपोआप मिळत नाही. ‘क्रिस्टल म्हणजे स्फटिक’ एवढी जोडी पाठ करून घेतली आणि परीक्षेत एक गुण दिला, तर मुलाच्या हाती जास्वंद लागत नाही, नुसता स्फटिक लागतो. मग महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तो अडखळतो आणि दोष माध्यमाला दिला जातो. मराठी माध्यमाच्या शाळेने इंग्रजी कमी शिकवून चालणार नाही. तिने ते वाक्यासकट, वस्तूसकट आणि इतिहासासकट शिकवले पाहिजे. मातृभाषेत पक्की झालेली समज हे त्यासाठी उत्तम भांडवल आहे, पण भांडवल तिजोरीत ठेवून व्यापार होत नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाने नव्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला तर एका शब्दात उत्तर देऊ नका. आधी विचारा, ‘‘कुठल्या वाक्यात आला?’’ घरी कोश नसला तरी हा प्रश्न प्रत्येकाच्या घरी असू शकतो.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यात सराफ आहेत, घड्याळे दुरुस्त करणारे आहेत, डॉक्टर, औषधविक्रेते, अभियंते, प्राध्यापक आणि गृहिणी आहेत. प्रत्येकाच्या व्यवसायात असा एखादा शब्द असतोच, जो कोशात एक सांगतो आणि कामाच्या ठिकाणी दुसरेच. देणगी आपण देत आहात, ती द्यावीच. तिच्यासोबत वर्षातला एक तास आणि एक शब्द शाळेला द्या. वर्गात या, तो शब्द ज्या वस्तूला लागतो ती वस्तू मुलांच्या हातात द्या आणि त्याची मराठी, हिंदी व इंग्रजी नावे फळ्यावर लिहा. ग्रंथालयात त्यासाठी एक जाड वही ठेवावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘क्रिस्टल’ लिहून झाला आहे. दुसरे पान कोरे आहे. चहापानाच्या वेळी ती वही बाहेरच्या टेबलावर असेल.